दूध फाटलेलं नव्हतं, तरी गोठ्यात दगडी होती

सुरुवात एका आकड्यानं झाली. १८ दुभत्या गायींच्या एकत्र दुधाचा अहवाल आला, पेशीसंख्या मिलिलिटरला ६ लाख २० हजार. त्या दिवशी गोठ्यात एकही गाय आजारी नव्हती. कास सुजलेली नाही, धारेत गुठळी नाही, चारा-पाणी व्यवस्थित. दगडी (कासदाह) म्हटलं की जी लाल, गरम, टणक कास डोळ्यांपुढे येते तसं काहीच नव्हतं. म्हणून पहिल्यांदा अहवालावरच शंका घेतली. पुन्हा नमुना दिला, पाच दिवस वाट पाहिली. दुसरा आकडा ५ लाख ९० हजार. मग मान्य करावंच लागलं.

हे पुढचे सहा महिने तारीखवार लिहून ठेवले होते, त्यातून हे उतरवलं आहे. ज्यांच्या हातात असाच कागद नुकताच पडला असेल, त्यांना निदान पुढची पायरी कुठली हे कळावं.

तो आकडा म्हणजे दुधात उतरलेल्या पेशी, आणि कासेला संसर्ग झाला की त्यात पांढऱ्या पेशींचाच भरणा असतो. निरोगी सडाच्या दुधात त्या साधारण १ लाखाच्या आत राहतात. एखाद्या गायीचा आकडा २ लाखांवर गेला, तर तिच्या किमान एका सडात जंतू शिरलाय असं धरून चालायचं. एकत्र दुधासाठी युरोपीय संघाची मर्यादा ४ लाख आहे, अमेरिकेची साडेसात लाख. पण एकत्र आकडा फसवतोही. २०० लिटर दुधात १० लिटर देणारी एकच गाय ५० लाखांची असेल, तर ती एकटी सगळ्या दुधाचा आकडा अडीच लाखांनी चढवते. म्हणजे आपल्या ६ लाखांमागे दोन गायी आहेत की बारा, हे त्या कागदावरून कळत नाही. त्यासाठी सड न् सड तपासावा लागतो.

सातव्या दिवशी संध्याकाळच्या धारेला सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट ही गोठ्यातच होणारी चाचणी केली. १८ गायींचे ७२ सड, त्यातले दोन आधीच बंद पडलेले, म्हणजे ७० तपासण्या. चार कप्प्यांची पांढरी थाळी, प्रत्येक कप्प्यात एकेका सडाचं २ ते ३ मिली दूध आणि तेवढंच द्रावण. थाळी गोल फिरवत १० सेकंद हलवायची आणि २० सेकंदांच्या आत निकाल वाचायचा, कारण हलका चिकटपणा तेवढ्यातच विरून जातो. द्रावणातला साबणासारखा घटक पेशी फोडतो, आतला डीएनए बाहेर पडून जेलीसारखा घट्ट होतो. जितक्या पेशी जास्त तितकी जेली दाट. पहिल्या तीन गायी होईपर्यंत हात बसत नाही, म्हणून आम्ही त्या तीन शेवटी पुन्हा तपासल्या आणि एका सडाचा निकाल बदलला. सोबत एक माणूस फक्त लिहायला ठेवावा. ‘उजवा मागचा’ म्हणजे गायीचा उजवा, आपला नव्हे, हेही आधीच ठरवून घ्यावं. आमचा पहिला कागद याच घोळात वाया गेला.

नुकत्याच व्यायलेल्या गायीचं पहिल्या पाच दिवसांतलं दूध आणि आटत आलेल्या गायीचं दूध या चाचणीत विनाकारण घट्ट दिसू शकतं. तशी एक गाय होती, तिला नंतर घेतलं.

निकाल: ११ गायींच्या १९ सडांत जेली धरली. म्हणजे निम्म्याहून जास्त गायी. त्या रात्री सगळ्यांच्या मनात एकच होतं, उद्या सकाळी सडात सोडायच्या प्रतिजैविकाच्या १९ ट्यूब आणायच्या आणि सोडून मोकळं व्हायचं. पशुवैद्यांनी अडवलं ते बरं झालं. त्यांचं म्हणणं साधं होतं. आधी जंतू कोणता ते कळू दे, कारण एक जंतू पेनिसिलिननं जातो, दुसऱ्यावर ट्यूब जवळपास वाया जाते, आणि काही सडांत आता जंतूच उरलेला नसतो, नुसती सूज उतरायची राहिलेली असते. शिवाय एकदा प्रतिजैविक आत गेलं की कल्चरवर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहताना, काही उगवेलच याची खात्री नाही. ताप असलेली, खाणं सोडलेली गाय असती तर वाट पाहणं चुकीचं ठरलं असतं. इथे तशी घाई नव्हती.

नवव्या दिवशी नमुने घेतले. हा भाग सविस्तर लिहितो, कारण नमुना बिघडला की पुढचा सगळा आठवडा वाया जातो. हात धुऊन हातमोजे घातले. सड धुऊन पूर्ण कोरडे केले. ओल्या कासेवरून ओघळणारा एक थेंब नमुना नासवायला पुरतो. पहिल्या तीन-चार धारा टाकून दिल्या. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसानं सडाचं टोक घासलं, कापसावर मळ दिसायचा थांबेपर्यंत, दर वेळी नवा बोळा. पुसताना आधी आपल्यापासून लांबचे दोन सड, मग जवळचे. दूध घेताना उलटं: आधी जवळचे, मग लांबचे. नाहीतर लांबच्या सडाकडे जाणारा हात पुसलेल्या जवळच्या सडाला घासतो. निर्जंतुक नळी आडवी तिरकी धरायची, म्हणजे वरून केस आणि धूळ पडत नाही. झाकण करंगळीत, तोंड खाली. जमिनीवर ठेवायचं नाही. ३ ते ५ मिली दूध भरपूर झालं, नळी काठोकाठ भरू नये. नाव घालायचं ते नळीवर. झाकणं अदलाबदल होतात. बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत. जमणार नसेल तर गोठवता येतात, पण गोठवल्यावर ई. कोलायसारखे जंतू कमी होतात आणि निकाल एका बाजूला झुकतो.

एवढं करूनही एक नमुना खराब निघालाच. तीन वेगळ्या जातींचे जंतू एकाच नळीत उगवले की प्रयोगशाळा तो दूषित धरते. तो आमच्या सर्वांत ओढाळ गायीचा होता.

सोबतच्या फॉर्मवर गायीचा नंबर, सड, वेत, व्यायल्याची तारीख, मागच्या महिन्याभरात दिलेली औषधं आणि ‘कल्चर व सेन्सिटिव्हिटी’ (कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू) एवढं भरावं लागलं. मायकोप्लाझ्मा या जंतूची तपासणी हवी असेल तर वेगळं लिहावं लागतं. जंतू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर, रक्त-आगारवर, तो उगवत नाही, त्याला वेगळं माध्यम आणि ७ ते १० दिवस लागतात. आम्ही तो एकत्र दुधावर मागितला. बाकीच्यांचा निकाल २४ आणि ४८ तासांनी वाचतात, त्यावर ओळख आणि सेन्सिटिव्हिटी. अहवाल चौदाव्या दिवशी हातात आला.

१९ नमुन्यांत ७ मध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस, ६ मध्ये स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टी, २ मध्ये कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस, एकात स्ट्रेप्टोकोकस युबेरिस, दोनांत काहीच नाही, एक दूषित. मायकोप्लाझ्मा नाही, हे विसाव्या दिवशी कळलं आणि तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्याला भिंतच नसते, म्हणून पेनिसिलिन-गटाची औषधं त्याच्यावर चालतच नाहीत, आणि बाकीच्या औषधांनीही कासेतून तो सहसा हटत नाही. गाय वेगळी करण्यावाचून फारसं हातात राहत नाही.

पहिले दोन जंतू म्हणजे आमचं सगळं उत्तर होतं. दोन्ही गायीकडून गायीकडे जाणारे, आणि जायची वेळ धारेचीच. ॲगॅलॅक्टीचं तर कासेबाहेर फारसं निभावतच नाही. म्हणजे तो गोठ्यात टिकून आहे याचा अर्थ आपणच दिवसातून दोनदा त्याला एका कासेतून दुसऱ्या कासेत नेऊन सोडतोय. युबेरिस, ई. कोलाय, क्लेबसिएला हे शेणातले, ओल्या बैठकीतले, भुशातले. ते दोन धारांच्या मधल्या वेळात शिरतात. बंदोबस्त करताना हा फरक डोक्यात पक्का असला पाहिजे, नाहीतर माणूस चुकीच्या दारावर पहारा देतो.

अहवालाची वाट पाहताना पशुवैद्यांनी दोन धारा नुसत्या उभं राहून पाहिल्या. काही बोलले नाहीत, लिहीत राहिले. त्या यादीतलं पहिलं होतं फडकं. एक बादली, त्यात जंतुनाशक, त्यात एकच फडकं, आणि त्यानं १८ कासा. पाचव्या गायीपर्यंत त्या द्रावणाचा जोर संपतो, कारण शेण आणि दूध त्याला खाऊन टाकतात. मग उरतो तो जंतूंचा काढा. त्याच दिवशी बादली बंद झाली. एका गायीला एक फडकं, दिवसाला ३६ फडकी, गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवलेली. धुण्याचं काम वाढलं, कुरकुर झाली, पण सगळ्या बदलांत हा सर्वांत मोलाचा.

दुसरं होतं यंत्राचं रबर. लायनर, म्हणजे सडावर बसणाऱ्या रबरी नळ्या, सहा महिने चालतात असं आम्ही धरून होतो. पण रबराच्या लायनरचं आयुष्य साधारण २५०० धारा किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. दोन क्लस्टर (चारही सडांना लावायचे यंत्राचे जोड), १८ गायी, म्हणजे एका क्लस्टरवर नऊ गायी, दिवसाला १८ धारा. २५०० भागिले १८ म्हणजे १३९ दिवस. साडेचार महिन्यांतच बदलायला हवे होते. आतून बोट फिरवल्यावर खरखर लागली. त्या चिरांत जंतू दोन धारांच्या मध्ये आरामात राहतात. एका पल्सेटरचा (लायनरची उघडझाप करणाऱ्या भागाचा) ठेकाही बिघडलेला निघाला. मिनिटाला ६० ठोके आणि ओढ व चिमटी यांचं ६०:४० असं प्रमाण हवं. तो चिमटीची, म्हणजे लायनर मिटून सडाला विसावा मिळायची, वेळ पुरती देतच नव्हता. त्यामुळे सडाच्या टोकाशी रक्त साकळतं आणि छिद्राभोवती खरबरीत कडं धरतं. अशा कड्यात ऑरियसला आयतं घर मिळतं. व्हॅक्यूम क्लस्टरपाशी ४० ते ४२ किलोपास्कलवर आणला. लायनर घसरून ‘फुस्स’ आवाज आला की हवेच्या झोतानं दुधाचे थेंब उलटे सडाच्या छिद्रावर आदळतात, हे तोवर कुणाच्या गावीही नव्हतं. आणि क्लस्टर काढताना आधी व्हॅक्यूम बंद, मग काढायचं, ओढून नाही.

यंत्रानंतर हातानं ‘उरलंसुरलं’ काढायची सवयही थांबवली. अंगठा दुमडून काढलेल्या धारेनं सडाच्या आतल्या अस्तराला इजा होते. हातानंच धार काढत असाल तर मुठीची धार, कोरड्या हातानं. दूध लावून हात ओले करणं म्हणजे तेच फडकं दुसऱ्या रूपात.

धारेचा क्रम असा बसवला: काळ्या तळाच्या कपात तीन-चार धारा, टीट डिप (सड जंतुनाशकात बुडवणं), ३० सेकंद थांबणं, कोरडं पुसणं, आणि पहिल्या स्पर्शापासून ६० ते ९० सेकंदांत क्लस्टर. एवढ्यात पान्हा उतरतो. लवकर लावलं तर रिकाम्या सडाला यंत्र ओढत राहतं. धारेनंतर लगेच पुन्हा टीट डिप, अर्धा टक्का आयोडीन आणि त्यात ग्लिसरीन. आधी फवारा वापरत होतो. सड पूर्ण भिजला का हे पाहायला फवारल्यावर सडाभोवती कागद गुंडाळला, तर डाग फक्त समोरच्या बाजूला. फवारा गेला, कप आला, आणि उरलेलं द्रावण पुन्हा बाटलीत ओतणं बंद. सडाचं छिद्र धारेनंतर अर्धा ते एक तास पुरतं मिटत नाही, म्हणून ताजी वैरण धारेनंतरच टाकायची. गाय खात उभी राहते, बसत नाही.

गायींचा क्रमही ठरला. आधी पहिलारू, मग स्वच्छ निकालाच्या, मग ॲगॅलॅक्टीवाल्या, सर्वांत शेवटी ऑरियसवाल्या पाच. पायांत रंगीत पट्ट्या बांधल्या, ऑरियसवाल्यांना लाल. पहिले चार दिवस गायींनी हा क्रम अजिबात मानला नाही.

औषध सोळाव्या दिवशी सुरू झालं. ॲगॅलॅक्टीच्या चार गायी एकाच दिवशी, फक्त बाधित सड नव्हे तर सगळे १६ सड, पशुवैद्यांनी लिहून दिलेली पेनिसिलिन-गटाची ट्यूब. एकाच वेळी करायचं कारण हेच की एक मागे राहिली तर ती बरी झालेल्यांना पुन्हा देते. ट्यूब सोडण्यापूर्वीही टोक अल्कोहोलनं पुसायचं, नमुन्यासारखंच. नळीचं टोक पूर्ण आत खुपसायचं नाही, साधारण ३ मिलिमीटर पुरतं. खोल गेल्यास सडाच्या वाटेवरचं संरक्षक केराटिन आणि त्यातले जंतू दोन्ही आत ढकलले जातात. अस्वच्छ हातानं सोडलेल्या ट्यूबमधून यीस्ट किंवा सुडोमोनास आत गेले तर मूळ दुखण्यापेक्षा नवं अवघड होऊन बसतं. एकाच सडाला औषध असलं तरी चारही सडांचं दूध टाकायचं, कारण औषध रक्तावाटे दुसऱ्या सडांत उतरू शकतं. मुदत लेबलवर असते आणि ती शेवटच्या ट्यूबपासून मोजायची. या सगळ्या प्रकरणातला मोठा खर्च औषधाचा नव्हताच, ओतून दिलेल्या दुधाचा होता. ते वासरांनाही पाजलं नाही.

ऑरियसच्या पाच गायींचं काम वेगळं. सेन्सिटिव्हिटीच्या कागदावर तीन औषधांपुढे ‘लागू’ असं लिहिलेलं होतं आणि आम्ही हुरळलो. पण काचेच्या ताटलीतला जंतू आणि कासेतला जंतू यांत अंतर आहे. ऑरियस कासेत खोल जाऊन बारीक गळवं करतो, भोवती तंतूंची भिंत बांधतो, आणि त्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या पोटातही जिवंत राहतो. औषध तिथवर पोचतच नाही. गाय जितकी वयस्कर, बाधित सड जितके जास्त, दुखणं जितकं जुनं, तितकी आशा कमी. म्हणून पाच जणींचे चार निर्णय झाले. दोन जुन्या, कासेत हाताला गाठी लागणाऱ्या गायींना औषध दिलंच नाही. त्यांची धार सर्वांत शेवटी काढायची आणि वेत संपल्यावर कळपाबाहेर. एकीचा एकच मागचा सड बाधित होता, तो कायमचा आटवला. एक सात महिन्यांची गाभण होती, तिला लगेच आटवून भाकडकाळाची लांब टिकणारी ट्यूब दिली; बरं होण्याची शक्यता दुभत्या काळापेक्षा भाकडकाळात जास्त असते. पाचवी पहिलारू, दीड महिन्यापूर्वी व्यायलेली. तिला ८ दिवसांचा लांब कोर्स.

कोॲग्युलेज निगेटिव्हवाले दोन आणि ‘काहीच नाही’वाले दोन सड तसेच सोडले, फक्त महिन्यानं पुन्हा तपासायचे. युबेरिसच्या सडाला उपचार केला. दूषित नमुना पुन्हा घेतला, दुसऱ्यांदा त्यात काही उगवलं नाही.

मग एक्केचाळिसाव्या दिवशी वेगळंच झालं. स्वच्छ गटातली एक गाय सकाळी उठेना. ताप ४०.८ सेल्सिअस, डोळे आत गेलेले, एका सडातून पिवळसर पाणी. गुठळीसुद्धा नाही, नुसतं पाणी. एवढं सगळं करूनही हे कसं, असं वाटून हात गळाले. ही ई. कोलायची होती. त्यात गायीला पाडतं ते जंतूंच्या कवचातलं विष, ट्यूब दुय्यम. पशुवैद्यांनी ७.२ टक्के सलाइन अडीच लिटर शिरेतून दिलं, सूज-ताप उतरवणारं इंजेक्शन दिलं, आणि लगेच भरपूर पाणी पाजायला लावलं. ते तिनं प्यायलं नसतं तर नळीनं पोटात सोडावं लागलं असतं. संध्याकाळी ती उभी राहिली. तिच्या जागेशेजारी पाण्याच्या टाकीचा नळ ठिबकत होता आणि बैठक चार दिवस ओली होती. धारेनंतरचं डिप या जंतूला अडवत नाही; त्याला कोरडी बैठक आणि धारेआधीचं डिप लागतं.

फेरतपासणी उपचार संपल्यावर १४ आणि २८ दिवसांनी केली. ॲगॅलॅक्टीचे सहाही सड दोन्ही वेळा स्वच्छ. पहिलारूचा सड १४ दिवसांनी स्वच्छ, २८ दिवसांनी पुन्हा ऑरियस. तो बहुधा गेलाच नव्हता. ऑरियस दुधात अधूनमधून उतरतो, त्यामुळे एका स्वच्छ नमुन्यावर गायीला बरी म्हणू नये; लागोपाठ दोन-तीन हवेत. तिला १४ दिवसांच्या फेरतपासणीनंतर क्रमात पुढे आणलं होतं, ती घाई झाली. तिच्या मागून धार निघालेल्या सगळ्या गायींची सीएमटी पुन्हा करावी लागली.

एकत्र दुधाचा आकडा दुसऱ्या महिन्याअखेर ३ लाख ८० हजार, चौथ्या महिन्यात २ लाख ९० हजार. आटवलेली गाय व्याली, चिकाचे दिवस संपल्यावर आठ दिवसांच्या अंतरानं दोन नमुने दिले, दोन्ही स्वच्छ. आता सगळ्या गायींना आटवताना सडात बिस्मथचं सील (सडाची वाट बंद करणारा लेप) घालतो. ते घालताना सडाचा वरचा भाग चिमटीत दाबून धरावा लागतो, म्हणजे लेप वर कासेत न जाता सडातच बसतो. प्रतिजैविक मात्र फक्त संसर्ग असलेल्यांनाच.

कालवडींचा मुद्दा उशिरा लक्षात आला. पहिलारूला ऑरियस धारेवाटे मिळाला की त्याआधीच होता, हे कळायला मार्ग नाही, कारण ती व्याल्यावर तपासलीच नव्हती. चावऱ्या माश्या कालवडींच्या सडांच्या टोकाला जखमा करतात आणि तिथून हा जंतू शिरतो. आता प्रत्येक पहिलारूची सीएमटी व्यायल्यावर सातव्या दिवशी होते आणि माश्यांचा बंदोबस्त कालवडींच्या गोठ्यातही केला आहे.

सहाव्या महिन्याचा अहवाल २ लाख १० हजार. लाल पट्टी अजून दोन पायांत आहे. त्यातली एक ती पहिलारू, जी आता स्वतःहून रांगेत शेवटी येऊन उभी राहते. तिला आटवायला अजून पाच महिने आहेत.